साखरेच्या डब्याला कुलूप

गल्लीची शिवणकामवाली मावशी दोरा कात्रीने कधी कापत नसे. कात्री सापडेपर्यंत दुसरी शिवण होते, असं तिचं म्हणणं. दोरा दाताखाली धरायचा आणि टचकन तोडायचा. त्या सकाळी गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कॉलरवर लाल ठिपका दिसला, तेव्हा तिने आधी बोटं तपासली. सुई टोचली नव्हती. रक्त हिरडीचं होतं.

रक्त तिला नवं नव्हतं. दात घासले की येतं, म्हणून शहाणीने घासणंच कमी केलं होतं. आणि डॉक्टरांना सांगणार कशी? तिथे ती आधीच आरोपी. मधुमेहाच्या गोळ्या वाढल्या, पथ्य कडक झालं, तरी साखर हटेना. डॉक्टर सुनेला म्हणाले, "घरात लक्ष ठेवा, चोरून काहीतरी पोटात जातंय." झालं! सुनेने साखरेचा डबा कपाटात घालून कुलूप ठोकलं आणि मावशीच्या लेकीपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना फोन करून कळवलं. मावशीने शपथा घेतल्या. लेकसुद्धा म्हणाली, "आई, खरं सांग ना." उभा जन्म इमानाने कापड शिवलेल्या बाईला हे फार लागलं.

ठिपक्यानंतर ती दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे एकटीच गेली. बाईंनी बारीक सळईने हिरड्या चाचपल्या, दात हलवून पाहिले.

"काढून टाका सगळे," मावशी म्हणाली. "घरचे तेच म्हणतात."

"घरच्यांचे आहेत का दात? हिरडीखाली कीटण साचलंय, ते खरवडून काढू. तेवढ्याने भागलं नाही तर हिरडीची छोटी शस्त्रक्रिया. एखादा दात जाईल, बाकीचे वाचतील. पण रोज घासायचं, रक्त आलं तरी." मग त्यांनी विचारलं, "मधुमेह आहे ना? साखर आटोक्यात येत नसेल."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"हिरड्यांनी. साखर वाढली की त्या बिघडतात, आणि त्या अशा सुजल्या की साखर आणखी चढते."

मावशी खुर्चीत ताडकन उठून बसली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

हिरड्या साफ झाल्या, रक्त थांबलं. काही महिन्यांनी तपासणीत साखरही उतरलेली निघाली. मधुमेहाचे डॉक्टर खूश. "बघा आजी, गोड सोडलं की कसा फरक पडतो!"

"माझ्या घरातल्या डब्यावर नजर ठेवलीत," मावशी म्हणाली, "माझं तोंड कधी उघडून बघितलंत? हिरड्या सडत होत्या माझ्या!"

"हो, हिरड्यांचाही संबंध असतो म्हणा. पण दात आमच्याकडे येत नाहीत."

"म्हणजे ठाऊक होतं! आणि जीभ दाखवा म्हणता, ती काय शेजारणीच्या तोंडात असते?"

डॉक्टर कागद चाळू लागले. सोबत आलेली सून खाली बघत होती.

घरी आल्यावर सुनेने निमूट कुलूप काढलं, किल्ली सासूपुढे ठेवली. "चुकलं माझं, आई."

"मिटलं ना आता?" मुलगा म्हणाला.

"रक्त थांबलं. हे नाही मिटलं." मावशीने किल्ली परत सरकवली. "फोन घे. आधी माझ्या लेकीला लाव. मला चोर म्हणताना जेवढा आवाज होता ना, तेवढाच काढ."

सुनेने फोन उचलला. मावशी उठली आणि तिने शेजारणीच्या बाजूची खिडकी सताड उघडली.