निळ्या झाकणाची टाकी

“दिव्याला काय भितोस रे? दिवा चावतो का?” मुकादमीण म्हणाली आणि गॅरेजच्या दारातल्या जुन्या टायरवर नीट टेकून बसली.

तिचा मुलगा ट्रकच्या केबिनमध्ये अर्धा आत, अर्धा बाहेर लोंबकळत होता. “चावत नाही गं. पण तो पेटलाय तोवर गाडी भरू नये, एवढं मला कळतं.”

“कळतं तर विझव की.”

“बटण असतं तर विझवला असता.”

मुकादमिणीला गावात कुणी नावानं ओळखत नव्हतं. नवरा गेला तेव्हा मागे राहिलं काय, तर एक जॅक, पान्यांची पेटी आणि मिसरूड न फुटलेलं पोरगं. भाऊबंद म्हणाले, गॅरेजचे पत्रे विकून टाक. तिनं पोराच्या हातात पाना दिला आणि आपण दारात बसली. कुठली गाडी आधी घ्यायची, कुणाला थांबवायचं, कुणाला हाकलायचं, सगळं तीच ठरवायची. ड्रायव्हर लोकांनी मुकादमीण नाव ठेवलं ते तिला लागलं नाही, उलट मानवलं. शाळेत ती गेली होती म्हणायला, पाटी फुटेपर्यंत.

पोरगा मात्र मिस्त्री झाला तो पंचक्रोशीत नाव काढणारा. जुनी डिझेल गाडी कशीही खोकत येऊ दे, हा लोखंडी सळईचं एक टोक इंजिनाला टेकवायचा, दुसरं कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. “माझ्या पोराला इंजिन स्वतः सांगतं कुठं दुखतंय ते,” असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची, आणि ऐकणारा नको म्हणाला तरी ऐकवायची.

पण आज दारात उभा होता तो जुना ट्रक नव्हता. जावयाचा कोरा करकरीत होता, सीटवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा अजून निघालेला नव्हता. डिझेलच्या टाकीशेजारी त्याला आणखी एक लहान टाकी होती, निळ्या झाकणाची. तिच्यात युरियाचं पाणी लागायचं. ते सायलेन्सरात फवारलं गेलं की धूर स्वच्छ होतो म्हणे. त्या टाकीतलं पाणी तळाला गेलं होतं आणि म्हणूनच दिवा पेटला होता.

“धुराला आंघोळ घालणारी गाडी जन्मात पहिल्यांदा बघते मी,” मुकादमीण म्हणाली. “आण की मग ते पाणी पंपावरून.”

“पंपावर संपलंय. शहरातून डबे यायचे आहेत. उद्या येतील, परवा येतील.”

“आणि टोमॅटो?”

मिस्त्रीनं बाहेरच्या उन्हाकडे बघितलं. ऊन असं पडलं होतं की सावलीसुद्धा सावली शोधत होती. सगळ्या गावाचा टोमॅटो एकदमच लाल झाला होता आणि सुगीत रिकामा ट्रक म्हणजे वाळवंटात विहीर. जावईबापूंनी आपला ट्रक दिला हेच उपकार. दुपारी भरायचा, घाट चढायचा आणि पहाटे मोठ्या बाजारात उभा करायचा असं ठरलं होतं. जावई सकाळीच मळ्यांकडे गेला होता, कुणाचे किती क्रेट ते बघायला. जाताना दारात थांबून म्हणाला होता, “सासूबाई, खेप नीट झाली तर पुढच्या वेळी तिला घेऊन येतो. राहील चार दिवस.”

त्या एका वाक्यासाठी मुकादमीण सकाळपासून हवेत होती. तिची लेक सासरी गेल्यापासून माहेरी यायची ती जावयाच्याच ट्रकमधून, गाडी भावाकडे तेलपाण्याला आली म्हणजे. मागच्या खेपेला मुकादमीण तिच्या घरी गेली होती आणि विहिणीला तिच्याच स्वयंपाकघरात चूल कशी पेटवावी ते शिकवून आली होती. विहीणही काही कमी नव्हती. दोन तलवारी एका म्यानात खणखणल्या आणि मधे सापडली लेक. जावई बायकोला म्हणाला, “तुझ्या आईनं पुन्हा माझ्या कशातही हात घातला, तर माहेरचा रस्ता विसर.” लेकीनं फोनवर हे सांगितलं तेव्हा मुकादमीण जन्मात पहिल्यांदा उत्तर न देता ऐकत राहिली होती.

आणि आता एका दिव्यासाठी ट्रक उभा.

“युरियाचंच पाणी ना?” ती उठली. “आपल्या कोठीत अर्धं पोतं पडलंय. पिकाला चालतो, तो लोखंडाला चालणार नाही?”

“आई, तो वेगळा असतो.”

“कोण म्हणतं?”

“कंपनीवाले म्हणतात.”

“विकणारा आणखी काय म्हणणार? घरचं वापरा म्हणेल? सूनबाई, पाणी गरम कर गं!”

सून दारात आली. ती बोलायची कमी. “आत्याबाई, हे म्हणतायत नको तर…”

“हे म्हणतायत! ह्यांना मी जन्म दिलाय. बादली आण.”

मिस्त्रीनं आईकडे बघितलं. मग रस्त्याकडे बघितलं, जावई गेला त्या बाजूला. त्यालाही बहीण यायला हवी होती. त्यानं पान्याला फडकं गुंडाळलं आणि बाजूला ठेवलं.

मुकादमिणीनं मुठी मुठीनं खत बादलीत टाकलं, काठीनं ढवळलं, बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकली. सुनेनं जुन्या लुगड्याचा तुकडा दुहेरी करून धरला, त्यातून गाळलं. मिस्त्रीनं फनेल धरलं. ओतलं मात्र मुकादमिणीनं, स्वतःच्या हातानं, एक थेंब न सांडता. मिस्त्रीनं चावी फिरवली. दिवा विझला.

“बघ!” ती म्हणाली. “कंपनीच्या नानाची टांग.”

दुपारी ट्रक भरला. क्रेटवर क्रेट चढले, दोर आवळले. गावातला एक म्हातारा बागायतदार, ज्याला सगळे रेडिओ म्हणत कारण तो बंद व्हायचा नाही, त्यानं आपल्या क्रेटांवर हात फिरवून म्हटलं, “लेकरं चालली रे माझी!” जावईबापूंनी हॉर्न दिला. मुकादमीण धूळ खाली बसेपर्यंत रस्त्याकडे बघत राहिली.

उन्हं कलायला लागली होती तेव्हा ट्रक परत आला.

आला कसला, रांगत आला. त्याच्यामागे एक सायकलवाला होता, तोही घंटी वाजवून पुढं गेला. भरलेला ट्रक तसाच दारात उभा राहिला आणि जावई उडी मारून उतरला. त्याचं तोंड टोमॅटोहून लाल.

“मेव्हणे, हे काय? घाटाच्या पायथ्याला गाडी मेली! एक्सलेटर तळाला टेकवला तरी माणूस चालतो तेवढाच वेग. आणि सगळे दिवे पेटलेत, लग्नघर झालंय आत!”

“बघतो दाजी. तुम्ही बसा.”

मिस्त्रीनं डिझेलचा फिल्टर काढला. स्वच्छ. हवेचा फिल्टर झटकला. स्वच्छ. पाइपात हवा धरली असेल म्हणून पंपाला हातानं डिझेल ओढलं, तर धार एकसारखी. पट्टे बघितले, टर्बो बघितला, गाडीखाली सरपटत जाऊन नळ्या चाचपल्या. घाम त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून इंजिनावर पडायचा आणि चर्रर्र करून उडायचा. शेवटी त्यानं सळई काढली आणि कानाला लावली. सगळे गप्प झाले. रेडिओसुद्धा.

बराच वेळ त्यानं डोळे उघडले नाहीत.

“काय म्हणतंय?” मुकादमिणीनं विचारलं.

“काही म्हणत नाही. इंजिनाला काहीच झालं नाही, आई. एकदम ठणठणीत आहे.”

“मग चालत का नाही?”

“चालू देत नाहीयेत त्याला.”

“कोण?”

त्यानं स्टिअरिंगच्या खालच्या काळ्या डबीकडे, गाडीच्या कॉम्प्युटरकडे, बोट दाखवलं. तिच्यात ना नट, ना बोल्ट, ना पाना लावायला जागा. मिस्त्रीनं तिच्यावर हात ठेवला, परक्याच्या आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि काढून घेतला.

जावई कंपनीला फोन लावत लांब गेला तसा मिस्त्री आईजवळ वाकला. “मी ती टाकी रिकामी करतो.”

“दिवा तर विझला होता!”

“विझला होता. टाकी भरली एवढंच त्याला कळलं होतं. कशानं भरली ते नंतर कळलं असणार.”

मुकादमिणीनं लांब उभ्या जावयाकडे बघून घेतलं आणि म्हणाली, “मग काढ आणि धुऊन टाक. बोभाटा कशाला?”

त्यानं काढलं, तीनतीनदा धुतलं. दिवे होते तसेच. गाडीनं एकदा मनात धरलं ते धरलं. वरच्या क्रेटांतून आंबूस वास सुटायला लागला होता. रेडिओनं चार ठिकाणी फोन लावून पाहिले. जे ट्रक होते ते भरून गेलेले, आणि जे नव्हते ते नव्हतेच.

सकाळी कंपनीचं माणूस मोटारसायकलवर आलं. हेल्मेट काढलं तर मुलगी.

“कंपनीत पुरुष संपले वाटतं,” मुकादमीण पुटपुटली.

“संपले नाहीत आजी, झोपलेत,” मुलगी म्हणाली आणि हसून बॅग उघडली. दुसरी कुठली वेळ असती तर मुकादमिणीला ती आवडलीच असती. मुलीनं काळ्या डबीत वायर खुपसली, लॅपटॉप मांडीवर घेतला, वाचलं आणि भुवया वर केल्या. मग मिस्त्रीला म्हणाली, “दादा, सायलेन्सरपाशी ती फवारणीची नळी आहे ना, ती खोलता का? तुमचा हात चांगला आहे म्हणतात.”

मिस्त्रीनं नळी खोलली. आतून पांढरे खडे गळाले, मिठाचे असावेत तसे, आणि नळीचं तोंड गच्च बुजलेलं. मुलीनं एक खडा बोटांत चुरडला.

“हे शेतातलं खत आहे. गाडीला वेगळं पाणी लागतं. हा सगळा भागच गेला. नवा शहरातून मागवावा लागेल, आठवडा तरी जाईल. आणि कंपनी भरून देणार नाही.” तिनं सगळ्यांकडे पाहिलं. “कुणी ओतलं?”

पुढे जावई उभा होता. त्याच्यामागे रेडिओ, आणि त्याच्यामागे ज्यांचा ज्यांचा माल त्या ट्रकमध्ये मऊ पडत होता ते सगळे. ट्रकच्या फाळक्यातून लाल पाणी ठिपकायला लागलं होतं.

मुकादमिणीचं तोंड उघडलं. ती कधी कुणाच्या बापाला भ्यायली नव्हती. मी ओतलं, माझ्या हातानं ओतलं, काय करायचं ते करा. शब्द दातांपर्यंत आले. आणि तिला जावयाची नजर दिसली. मिस्त्रीवर नव्हती ती. तिच्यावर होती. हातात कसलं तरी वजन जोखावं तसा तो तिला जोखत होता, आणि त्या नजरेमागे तिला लेकीचं दार दिसलं, आतून कडी लागत असलेलं.

“मी ओतलं,” मिस्त्री म्हणाला.

“कुणी सांगितलं तुम्हाला?” जावयानं विचारलं. नजर अजून सासूवरच होती.

“कुणी नाही, दाजी. घाई होती. मला वाटलं चालेल.”

“तुम्हाला? एवढ्या मोठ्या मिस्त्रीला?”

“हो.”

गर्दी कुजबुजली. कुणीतरी म्हणालं, “नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.” दुसरा म्हणाला, “माझी गाडी द्यायची होती याच्याकडे, वाचलो.” एकेक शब्द मिस्त्रीच्या कपड्यांना ऑइलसारखा लागत होता आणि तो हात फडक्याला पुसत उभा होता. हात कधीचेच कोरडे झाले होते.

आणि मग सगळे मुकादमिणीकडे बघायला लागले. ती का बोलत नाही? पोराच्या विरुद्ध कुणी ब्र काढला तर त्याचे वाभाडे काढणारी ती. आज मूग गिळून का बसली? जावयाच्या कपाळावरची आठी हळूहळू गोळा व्हायला लागली.

मिस्त्रीनं तिच्याकडे पाहिलं. एकदाच. बोल, अशी ती नजर होती. बोल आता, नाहीतर सगळंच गेलं.

मुकादमीण उठली.

“अक्कल गहाण टाकली होतीस का रे?” ती ओरडली. “पिकाचं खत गाडीत? दूध पिणाऱ्या पोरालाही कळेल! जावयाची कोरी गाडी, गावाचा माल, आणि तू आपल्या मनाचा राजा? मला एका शब्दानं विचारलं असतंस तर…” इथं ती खोकली. “तर मी हात धरला असता तुझा! बापाचं नाव बुडवलंस!”

“चुकलं, आई,” मिस्त्री म्हणाला.

“चुकलं म्हणे! चुकलं म्हणून टोमॅटो कडक होतात का?”

जावयाची आठी सुटली. पण तो म्हणाला, “असू द्या सासूबाई. झालं ते झालं. आता गाडी ओढून शहरात नेतो. इथून पुढं तेलपाणी तिकडंच करीन. या रस्त्याला गाडी परत येणं नाही.” म्हणाला तो अगदी मायेनं, तिची समजूत घालावी तसा. लेकीबद्दल तो काहीच बोलला नाही. बोलायचं उरलंच नव्हतं. ती यायची ती त्या गाडीनंच.

सून पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिनं सासूकडे बघितलं नाही. सरळ नवऱ्याकडे गेली, त्याच्या हातांवर पाणी ओतलं. वीतभर अंतरावरून मुकादमीण बघत राहिली. पाणी काळं होऊन खाली पडत होतं.

लोक क्रेट उतरवायला लागले. निम्मे उकिरड्यावर, निम्मे जनावरांपुढे. मुकादमीण बोलतच होती. थांबायला तिला जमेना. एका शिवीमागून दुसरी, दुसरीमागून तिसरी, आणि मिस्त्री प्रत्येकीला मान हलवत नळीचे नट डबीत गोळा करत होता.

रेडिओ आपला फुटका क्रेट खांद्यावर घेऊन तिच्यापाशी थांबला. त्याचे डोळे भरून आले होते, पण आवाजात आदर होता.

“माल गेला ते गेलं मुकादमीणबाई,” तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. “पण न्याय बघावा तर तुमचा. पोटच्या पोराचीसुद्धा गय केली नाहीत.”