सिगारच्या पट्टीवरचा चेहरा

मित्रांनो, मी लातूरच्या एका घरातली जुनी छपाईची चौकट आहे. माझ्या चार सागवानी पट्ट्यांवर पूर्वी नायलॉनची बारीक जाळी ताणलेली असे. खाली कागद ठेवायचा, साचा उमटवलेल्या जाळीवर शाई ओतून रबराने ओढायची, की अक्षरं उमटत. आता माझ्यात ती जाळी नाही आणि त्याचं मला दुःखही नाही. का नाही, ते सांगते. ऐकताना नाक मुरडलंत तरी चालेल, सांगताना मीही मुरडणार आहे.

माझा जन्म भूकंपानंतरचा. तेव्हा या घरचे मालक, छपाईवाले मोहियोद्दीनचाचा, यांनी औशाकडच्या एका गावासाठी श्रद्धांजलीची कार्डं छापली. घाईघाईत मेलेल्यांच्या यादीत सिद्धराम नावाच्या जिवंत माणसाचं नाव छापून गेलं. तो कार्ड घेऊन दारात उभा राहिला. "भाई, म्या हाय की अजून," एवढंच म्हणाला. चाचांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी त्याला आत बसवून जेवू घातलं, हात जोडले. पुढे काही महिन्यांनी तोच सिद्धराम पडक्या घराचं दार घेऊन आला. "घर तर गेलं, एवढंच उरलंय. तुमच्या कामाला येईल."

त्या दाराची मी झाले, आणि त्याच दिवशी चाचांनी नियम केला. ज्याचं नाव छापायचं, त्याची कच्च्या प्रतीवर सही. लग्नपत्रिकेवर वधूपित्याची, बिडीच्या लेबलावर कारखानदाराची. सही नाही, तर शाई नाही.

मग लातुरात शिकवणी वर्गांचं पेव फुटलं. वर्षानुवर्षं मी गुणवंतांचे चेहरे छापले. एकाच मुलाचा चेहरा तीन वर्गांच्या पत्रकांवर छापला आहे मी, आणि तिघेही सांगत, हा आमचाच. ज्या आईने पहाटे उठून त्याचा डबा केला, तिचं नाव एकाही पत्रकावर नव्हतं. मला त्या शाईचा उबग आला होता. पण वर्गांच्या सरांना नेहमी घाई. मुलांच्या सह्या कुठून आणायच्या? सरांची सही चालवून घेऊ, असं चाचा म्हणू लागले. इथेच त्यांनी माती खाल्ली.

अंबरीश सर नावाचे एक वर्गवाले परदेश फिरून आले होते. तिथे म्हणे लग्नात सिगारवर नवरा-नवरीच्या नावाची पट्टी गुंडाळतात. त्या साली त्यांच्या वर्गातली भार्गवी मेडिकलच्या परीक्षेत जिल्ह्यात पहिली आली. सरांनी बड्या लोकांना जेवण ठेवलं. प्रत्येकाला एक सिगार, आणि तिच्यावर भार्गवीच्या चेहऱ्याची सोनेरी पट्टी.

पट्टी रचली चाचांच्या मुलीने, रुखसारने. ती वर्गात भार्गवीच्याच बाकावर बसे. तिने हौसेने वेलबुट्टी काढली, मधोमध नखाएवढा चेहरा बसवला.

"अब्बा, भार्गवीला दाखवू का?"

"सरनी सही केलीय, बेटा. उद्या द्यायचंय."

मी छापलं. पट्ट्या चिकटवायला सिगारच्या पेट्या घरी आल्या, तेव्हा चाचांच्या बायकोने, बेगमबींनी, ओढणी नाकाला लावली. "ह्या सडक्या पानाला पोरीचं तोंड चिकटवून राहिले तुम्ही?"

जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारात चाकूरचा संगप्पा आला. तो भार्गवीचा बाप. लातुरात जेवणावळीत वाढपी म्हणून काम करायचा आणि त्या जेवणात वाढायलाही तोच होता. सरांनी त्याला ओळखलं नव्हतं. त्याने रुमाल सोडला. आत पट्ट्या होत्या, थुंकीने ओल्या, राखेने माखलेल्या. एका पट्टीवर भार्गवीचा डोळा जळला होता. मी लाकडाची, तरी मला शिसारी आली.

"टेबलं पुसताना येचल्या," तो म्हणाला. "एकानं तर पट्टी काढून पोरीच्या तोंडावरच सिगार इझवली. म्या त्याला पाणी वाढून राहिलो होतो. भाई, हे तुमीच छापलंय का?"

चाचांची मान खाली गेली. माझ्या जाळीवर भार्गवीचा चेहरा अजून तसाच होता, कारण नांदेडच्या नव्या शाखेसाठी सरांना आणखी पाचशे पट्ट्या हव्या होत्या. रुखसार उठली. तिने ब्लेड घेतलं आणि माझी जाळी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फाडली. चाचांनी तिला अडवलं नाही. खरं सांगते, मला हलकं वाटलं.

दुपारी सर आले. चाचांनी सहीचा नियम सांगितला, तसे उसळले. "दुसरी जाळी ताणा. पोरगी आमच्या वर्गाची हाय, सही कशाला लागती?"

"सिद्धरामचं नाव बी असंच छापलं होतं आम्ही," चाचा म्हणाले. "भार्गवीची सही आणा, मग बघू."

सर पुन्हा आले नाहीत. बाकीच्या वर्गांची कामंही हळूहळू गेली. आता बेगमबी माझ्यावर मलमल बांधून कुरडया वाळवतात. उन्हात पडून असते मी, पण अंगाला त्या शाईचा वास नाही.

त्याच उन्हाळ्यात भार्गवी घरी आली. रुखसारने सगळं स्वतः सांगितलं आणि संगप्पा ठेवून गेलेली जळकी पट्टी पुढे ठेवली. भार्गवीने पट्टी उचलून उजेडात धरली.

"मला एकदा दाखवायचं की गं," ती म्हणाली. बेगमबींनी तळून पुढे ठेवलेल्या कुरडईला तिने हातही लावला नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही, लाकूड आणखी बरीच वर्षं टिकेल. पण कुणाचा चेहरा तुमच्या हाती आला, तर आधी त्याला दाखवा.