हिरव्या लुगड्याचा शोध

मिरचीची रोपं पिशवीत ठेवून शालिग्राम वळला, तर मागे त्याची बायको अन्नपूर्णाबाई नव्हती.

सोनाळ्याचा आठवडी बाजार ऐन भरात होता. दोन वर्षांपासून तिला ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं. हाक मारून उपयोग नव्हता, आणि घरातला एकुलता एक मोबाईल त्याच्याच खिशात.

'हिरवं लुगडं,' त्यानं मनाशी घोकलं. सकाळी त्यानंच ते दोरीवरून काढून तिला दिलं होतं.

मग त्याला जिकडेतिकडे हिरवंच दिसू लागलं. मेथीचे ढीग, ताडपत्री, कुणा भलत्याच बाईची पाठ. मधेच चादरीवाल्याचा भोंगा केकाटे, लालभडक चादर फडके, आणि नको असताना मान तिकडे वळे. बाजाराला दोन फेऱ्या झाल्या.

ओळखीच्या सुभद्राबाईच्या कांद्यांपाशी तो मटकन बसला.

"काय झालं, भाऊ?"

"बायको सापडून नाही राह्यली. हिरवं लुगडं हाये."

"लुगडं जाऊ द्या बाप्पा. बाई कशी हाये, ते सांगा."

शालिग्राम गडबडला. मग आठवून आठवून म्हणाला, "डावा खांदा पडेल हाये तिचा. भेंडी घेतली का शेंडा मोडून पाह्यते. मोडलेली परत नाही ठेवत, आपल्याच पिशवीत टाकते."

बोलता बोलता त्याची नजर वर गेली. समोर, वीस पावलांवर, जांभळ्या लुगड्यातली एक बाई भेंडीच्या ढिगापाशी उभी होती. खांदा उतरलेला. तिनं शेंडा मोडला आणि भेंडी पिशवीत टाकली.

तो धावतच गेला. "कुठी होती वं?" तिच्या कानाशी तो ओरडला.

"इथंच! तुमीच म्हणता ना, चुकामूक झाली तं जागा सोडू नको. दोनदा माह्या समोरून गेले तुमी. मी हात बी केला."

"हिरवं काऊन नाही नेसली?"

"ओलं होतं ते. ऑटोत अर्धा घंटा माह्या बाजूले बसले होते ना तुमी?"

शालिग्राम बसला होता खरा, पण सारा वेळ रस्त्याकडे पाहत.

"मी पाह्यलंच नाही तुले," तो पुटपुटला.

"काय म्हणता?"

"पाह्यलंच नाही म्हणतो तुले!"

आख्ख्या ओळीनं ऐकलं. भेंडीवाली पदर तोंडाला लावून हसली. अन्नपूर्णाबाईनं त्याच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपला.

"मंग पाहा आता," ती म्हणाली, आणि भेंडीवालीकडे वळली. "कशी दिली वं?"

भाव ठरेपर्यंत तो तिच्याकडेच बघत उभा राहिला. जांभळा रंग तिला शोभत होता.