माझं बूड पातळ झालेलं नाही!

"बूडच पातळ झालंय हिचं. जरा नजर हटली की करपवते मेली!"

तारेच्या घासणीनं मला खरवडता खरवडता आई पुटपुटल्या. मित्रांनो, मी हबकलेच. मी एक जुनी बिडाची कढई आहे. माझं बूड पातळ व्हायला अजून दोन पिढ्यांना घासत बसावं लागेल! घरात सगळे त्यांना आई म्हणतात, म्हणून मीही म्हणते. त्यांच्या तोंडून मी कधी वावगा शब्द ऐकला नव्हता.

माझा जन्म वाळूच्या साच्यात झाला. वितळलेलं बीड आत ओतलं, निवल्यावर साचा फोडला आणि मी वाळू झटकत बाहेर आले. आई तेव्हा नव्या नवरी होत्या. "उचलायला दोन हात लागतात, म्हणजे टिकेल," असं म्हणत बाबांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, मला घरी आणलं.

पहिल्यांदा माझ्यात साखर, घोटभर पाणी आणि बदाम पडले, तो दिवस मी विसरणार नाही. पाक खदखदला, पाणी आटलं आणि पाहते तो काय, साखरेची पांढरी वाळू झालेली! माझी तर बोबडीच वळली. वाटलं, चला, निघालो आपण परत साच्यात. आईंचाही चेहरा पडला, पण त्यांनी कालथा थांबवला नाही. हलवता हलवता तीच वाळू पुन्हा विरघळली आणि बदामांवर तांबूस काचेसारखी चढली.

माझ्या काळ्या पोटात साखरेचा रंग नीट दिसत नाही. म्हणून आई डोळ्यांवर विसंबतच नसत. कालथा हलवत खिडकीबाहेर बघायच्या, शेजारणीशी गप्पा मारायच्या, आणि वास जरा कुठे खमंग झाला की बोलणं अर्धवट टाकून गॅस बंद करायच्या. तूप लावलेल्या ताटात बदाम सुटे होईपर्यंत निम्मे गायब! बाबांचा शेरा ठरलेला, "फर्मास!"

यंदा थंडीत आईंना ताप आला. तो गेला, त्या उठल्या आणि बदाम करायला उभ्या राहिल्या. साखर तांबूस झाली, मग तपकिरी, मग काळी. धूर निघाला. आई आपल्या खिडकीबाहेर बघताहेत! मी मनात ओरडत होते, अहो, उतरवा! पण कढईचं कोण ऐकतं? डोळे चुरचुरले तेव्हा कुठे त्या वळल्या.

खरा धक्का तर पुढेच बसला. ताट बाहेर गेलं. लेकानं एक बदाम चावला आणि घटाघटा पाणी प्यायला. सून म्हणाली, "आज जरा खरपूस झालेत, नाही?" आणि बाबा? कडू बदाम एकामागून एक चावत म्हणाले, "फर्मास!"

त्यानंतर दर वेळी तेच. आधी साखर बदलली, मग शेगडी बदलली. शेवटी सगळं आलं माझ्या बुडावर.

"आता हा शेवटचा घाणा," त्या दिवशी मला विसळून आई म्हणाल्या. "मग देऊन टाका हिला भंगारात."

शेवटचा म्हणून मी जीव लावून तापले. साखर नुकती विरघळली होती, इतक्यात खिडकीतून वाऱ्याचा झोत आला आणि माझ्या बुडाखालची ऊब एकदम गेली. सूं... आवाज मात्र चालूच. गॅस सुटत होता आणि आई शांतपणे कालथा हलवत होत्या. पाक घट्ट झाला, कालथा अडला. त्यांनी वाकून पाहिलं. "विझला वाटतं," म्हणाल्या आणि लायटर उचलला.

"आई! ठेवा तो खाली!"

बाहेरून आलेली सून दारातूनच किंचाळली. हातातली पिशवी टाकून तिनं बटण बंद केलं, खिडकी सताड उघडली. लेक धावत आला, बाबा आले. कोणीच कोणाकडे बघेना.

मित्रांनो, मला भंगारात टाकलंत तरी मी वितळून पुन्हा कढई होईन. माणसाचं तसं नसतं. म्हणून एवढंच मागते: घरात काही वरचेवर करपायला लागलं, तर भांड्याला बोल लावण्याआधी भांडं धरणाऱ्या माणसाची विचारपूस करा.

"बटण सैल झालं असेल," लेक म्हणाला.

"हो ना," आई घाईनं म्हणाल्या. "नाहीतर ही कढईच मेली..."

बाबांनी त्यांच्या हातातला लायटर हळूच काढून घेतला.

"कढईला काही झालेलं नाही गं," ते म्हणाले. "बदाम कडू होतात. तुझ्या तापापासून दर वेळी कडूच होताहेत. तुला वास येत नाही."