कोऱ्या कापडाची बादली

मित्रांनो, मला कुणी कुंडी म्हटले की माझा पत्रा अजून तापतो. मी बादली आहे. जुनी, जाड पत्र्याची, कडीला लाकडी मूठ असलेली बादली. एका शिवणकारखान्यात मी उभा जन्म काढला, आणि तिथे माझे काम लादी पुसण्याचे नव्हते. लादीसाठी वेगळी बादली होती. तिचे माझे फारसे बोलणेही नव्हते.

ज्यांनी मला विकत आणले त्यांना सगळे मावशी म्हणत. तेव्हा त्यांच्याकडे दोन शिवणयंत्रे आणि कापड बेतायचे एक लांब टेबल होते. शाळेच्या मुलांचे गणवेश त्या शिवत. दुकानात त्यांनी मला काठोकाठ भरायला लावले, खाली कोरडा कागद पसरला आणि गप्पा मारत उभ्या राहिल्या. कागद कोरडाच राहिला, तेव्हा कुठे मला घरी नेले.

माझे काम काय ते ऐका. कोरे कापड पहिल्यांदा पाणी पिते तेव्हा आकसते. चांगले असेल तर थोडे, वाईट असेल तर भरमसाट. वरून ते कळत नाही, कारण खळ आणि इस्त्री सगळे झाकून ठेवतात. म्हणून कापड खरेदी करण्याआधी मावशी व्यापाऱ्याला थान उलगडायला लावत आणि मधूनच हातभर तुकडा कापून घेत. त्यावर लाल दोऱ्याचे दोन टाके घालत, पट्टीच्या या टोकाला एक, त्या टोकाला एक. मग तो तुकडा माझ्यात बुडवायचा, सावलीत वाळवायचा, इस्त्री करून पुन्हा पट्टी लावायची. टाके जागेवर असले तर थान घ्यायचे. जवळ सरकले असले तर व्यापाऱ्याला नमस्कार करायचा. यात घाई चालत नसे, कारण कात्री लागलेला माल कुणी परत घेत नाही.

एकदा एक गोडबोल्या व्यापारी घडी केलेला तुकडा घेऊन आला.

"मावशी, थान कशाला नासवता? हा नमुना घ्या. बुडवा, उकळा, काय वाटेल ते करा. केसभर हलणार नाही."

मावशींनी तुकडा दोन बोटांत चोळला. "हलेल कसा? आंघोळ करून आलाय तो. कोऱ्या कापडाची खळ कुठे गेली याची?"

व्यापारी हसत सुटला. "तुमच्यापुढे आमचं काही चालत नाही बुवा."

"मग मधून काप."

असे माझे दिवस होते, मित्रांनो. टेबले वाढली, यंत्रे वाढली, तरी नवे कापड आधी माझ्याकडे येई. काजे-बटणे करणारी ताई मला रोज घासून उलटी घालत असे. त्या शाळेत मोठ्या बहिणीचा गणवेश धाकटीला येत असे, इतका तो टिके.

मग मावशींचे गुडघे गेले. त्या वरच्या मजल्यावर, आपल्या खोलीत बसून राहिल्या आणि कारखाना त्यांच्या मुलाकडे आला. त्याला सगळे दादा म्हणतात. दादा वाईट माणूस नाही. पण त्याला वाळत घातलेल्या कापडाकडे बघत बसणे सोसत नाही.

"बादलीत कापड बुडवून खरेदी करतात होय आजकाल?" तो म्हणाला. "लोक हसतील."

एके दिवशी त्याने भोके पाडायचे यंत्र आणले आणि माझ्या बुडाला तीन भोके पाडली! मातीतले पाणी निघून जावे म्हणून. मला कचेरीच्या दाराशी ठेवले आणि माझ्यात रोप लावले. रोपाला पाणी घालायची आठवण कुणाला राहिली नाही, ते वाळून गेले. मग त्यात प्लॅस्टिकची फुले खोचली. आता सांगा, प्लॅस्टिकच्या फुलांना भोकांची काय गरज? विचारायला मला तोंड होते, जीभ नव्हती. येणारेजाणारे माझ्यात चहाचे कागदी पेले टाकत.

दाराशी असल्यामुळे पुढचे सगळे मी पाहिले. तोच व्यापारी आला, आता केस पांढरे झालेले. त्याने तसाच घडी केलेला तुकडा काढला.

"दादा, नमुना. कुठेही धुऊन बघा."

दादाने तो घरच्या यंत्रात धुतला. केसभर आकसला नाही. दादा खूश झाला आणि शाळेच्या गणवेशांसाठी सगळी थाने एकदम घेतली. माझ्या इतके जवळून ती आत गेली की खळीचा वास मला आला. मी काय करणार? माझ्या तोंडात फुले कोंबली होती.

शाळा सुरू झाली आणि पहिल्या धुण्यातच गणवेश आखडले. बाह्या मनगट सोडून वर गेल्या, बटणे लागेनात. शाळेतून फोन आला तेव्हा दादा काय म्हणाला माहीत आहे?

"कापड उत्तम आहे, बाई. मी स्वतः तपासलंय. घरी उकळत्या पाण्यात धुतात, त्याला आम्ही काय करणार?"

मित्रांनो, इतका संताप मला भोके पाडतानाही आला नव्हता. शाळेने ते खरे मानले. पालकांच्या सभेत आयांनाच धुण्याचे धडे दिले गेले. आणि ज्यांचे कपडे आखूड दिसत त्या मुलांना वर्गाबाहेर उभे केले जाऊ लागले.

त्यात ताईची मुलगी होती. चिमणी म्हणतात तिला. तिसऱ्या दिवशी शाळेने तिला घरीच पाठवले, नीट गणवेश असेल तर ये म्हणून. ताई तिला तशीच, गुडघ्याच्या वीतभर वर गेलेल्या झग्यात, कारखान्यात घेऊन आली.

"दादा, मी थंड पाण्यात धुतलं होतं."

"ताई, तू आपलं काम बघ."

"कामच बघतेय. याची काजं मीच केलीत. आता बटण काजापर्यंत पोचत नाही."

यंत्रे थांबली. दादा लाल झाला. "एवढंच असेल तर दुसरीकडे काम शोध!"

ताई जागची हलली नाही. चिमणी मात्र आईचा हात सोडून जिन्याने वर धावली. थोड्या वेळाने जिन्यावर काठीचा आवाज आला. मावशी एकेका पायरीवर बसत, घसरत खाली येत होत्या. दादा धरायला गेला.

"मला नको धरू. माझी बादली कुठे आहे?"

 चिमणीने माझ्याकडे बोट दाखवले. मावशींनी फुले उपटली, पेले काढले आणि मला नळाखाली धरले. पाणी भोकांतून सरळ दादाच्या बुटांवर गेले.

मावशींनी मला उलटी करून भोकांवरून बोट फिरवले. मला वाटले, आता मला भंगारात देणार.

"त्या गणवेशांच्या चिंध्या आण," त्या ताईला म्हणाल्या. "घट्ट बोळे कर आणि भोकांत दाब. एवढ्या तरी कामाला येऊ दे हे कापड."

त्या दिवशी कारखान्यात पहिल्यांदा कुणीतरी हसले. बोळे भिजून फुगले आणि पाणी थांबले. मावशींनी उरलेले थान उलगडायला लावले, मधून तुकडा कापला, लाल टाके घातले.

"नळाखाली हात धर," त्या दादाला म्हणाल्या. "गरम आहे का पाणी?"

"नाही, आई."

"मोठ्यानं सांग. सगळ्यांना ऐकू दे."

"थंड आहे."

दुपारी तुकडा वाळला. दादाने स्वतः पट्टी लावली. लाल टाका पट्टीच्या टोकापासून चार बोटे आत आला होता. दादा तो तुकडा ओढून, ताणून बघत राहिला, पण टाका काही मागे सरकेना.

"आंघोळ करून आलेला नमुना घेतलास तू," मावशी म्हणाल्या. "फसलास, ते होतं कधीतरी. पण आपली चूक लेकरांच्या आयांवर ढकललीस? ती धुवायला कुठली बादली आणू मी?"

व्यापाऱ्याने कात्री लागलेला माल परत घेतला नाही, तसा तो कुणीच घेत नाही. सगळे गणवेश नव्याने शिवावे लागले. पहिला चिमणीचा झाला, आणि काजे ताईनेच केली. तो घालून चिमणी ताईबरोबर शाळेत गेली त्या दिवशी दादाही गेला. फाटकापाशी आयांच्या घोळक्यासमोर उभा राहून म्हणाला, "पाणी थंडच होतं. चूक माझी होती." ताईने परत येऊन हे सगळ्यांना दोनदा सांगितले. मी दोन्ही वेळा ऐकले.

माझ्या बुडाची भोके आता धातूचा डाग देऊन बुजवून घेतली आहेत. मी पुन्हा नळाखाली असते. थान आले की दादा मधून कापतो आणि तुकडा वाळेपर्यंत गप्प बसून राहतो. त्याला ते अजून जड जाते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची दया करा असे मी सांगणार नाही. दया नकोच मला. पण ज्या वस्तूने आयुष्यभर खरे सांगितले, तिला भोके पाडण्याआधी थोडा विचार करा. आखूड कपड्यातले मूल दिसले तर त्याला बाहेर उभे करण्याआधी कापडाला विचारा. आणि कुणी तुमच्या आईला म्हणाले की पाणीच गरम होते, तर मला बोलवा. मी आता गळत नाही.