प्लास्टरखालची लव

ऊसतोडीच्या दिवसांत मोनाली भरल्या बैलगाडीच्या मागं लोंबकळत होती. हात सुटला, ती पडली आणि डाव्या मनगटाच्या वर हाड मोडलं. तिचा बाप अनुप बारामतीच्या एमआयडीसीत, दुधाच्या कारखान्यात कामाला होता. त्यानं मोटारसायकल काढली. आठ वर्षांच्या लेकीला मध्ये घेऊन करुणा मागं बसली आणि कळस गावापासून बारामतीपर्यंत तो हात तिनं तळहातावर तोलून धरला. हाडाच्या डॉक्टरांनी कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर घातलं.

प्लास्टर निघालं तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. करुणाला वाटलं होतं, गेला होता तसाच हात बाहेर येईल. आला तो बारीक, पांढुरका, कातडीचे पापुद्रे सुटलेला, आणि मनगटापासून कोपरापर्यंत काळ्या केसांनी भरलेला. उजव्या हातावर नुसती कोवळी लव, आणि डावा एखाद्या बाप्याचा असावा तसा. दवाखान्यात त्या दिवशी गर्दी होती. हाड जुळलंय म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, बोटं हलवून घेतली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. करुणाच्या ओठांवर आलेला प्रश्न ओठांवरच राहिला. बाहेर पडताना तिनं लेकीच्या हातावर पदर टाकला.

मोनालीला मात्र त्या हाताचं भारी कौतुक. घरी येताच तिनं दोन्ही हात आजीपुढं धरले आणि हा माझा, हा पप्पांचा, असं सांगून टाकलं. चतुराबाईला हसू आवरेना. तू जन्मलीस तेव्हा पाठभर लव होती, मांजराच्या पिल्लागत दिसत होतीस, असं ती नातीला म्हणाली. मोनाली तो हात घेऊन आळीभर हिंडून आली.

ते करुणाला सोसलं नाही. नळावर शेजारच्या चंद्राबाईनं विचारलं, पोरीच्या हाताला काय झालंय, आणि वर म्हणाली की मुलीच्या जातीला हे बरं न्हाय, आत्ताच काय ते बघा. हंडा घेऊन घरी येईपर्यंत करुणाच्या डोक्यात लग्नाच्या वयाची मोनाली उभी राहिली होती. त्या दिवसापासून रोज सकाळी ती डाळीचं पीठ आणि हळद कालवून तो हात चोळायला लागली. नवी कातडी लालभडक व्हायची, मोनाली ओठ दातांखाली दाबून बसायची. केस होते तसेच राहिले. कुणी बघू नये म्हणून करुणानं तिला लांब बाह्यांचा फ्रॉक शिवला आणि शाळेत बाह्या वर करू नको, म्हणून बजावलं.

हळूहळू पोर मिटत गेली. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमात तिचं भाषण होतं, घरभर फिरून ते म्हणत असायची. ते बंद झालं. मग एके दिवशी फ्रॉकवरून स्वेटर घालून ती शाळेला निघाली. चैत्रातलं ऊन, आणि अंगात स्वेटर. शाळेत कुणीतरी चिडवत असणार, असं करुणानं धरलं. कोण ते विचारून त्याच्या घरी जायचं, असं मनाशी ठरवून ती मधल्या सुट्टीत शाळेत पोचली.

मनिषाबाई तिसरीच्या वर्गाच्या बाई. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. चिडवत कुणीच नाही, पहिल्या दिवशी पोरांनी हात लावून बघितला आणि विसरून गेली, असं त्यांनी सांगितलं. स्वेटर काढ म्हणून त्यांनीच मोनालीला दोनदा म्हटलं होतं.

“मग काय म्हणली ती?” करुणानं विचारलं.

“म्हणाली, माझा हात वंगाळ हाय. आई म्हणते, कुणाला दावू नको.”

करुणा तशीच माघारी फिरली. घरी येऊन ती चुलीपुढं बसली आणि भाकरी करपल्याचं तिला वासानं कळलं. चतुराबाईनं विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं. सासूनं तिला बोल लावला नाही. तव्यावरची भाकरी काढून बाजूला ठेवली आणि म्हणाली, “डाक्टरला इचारायला काय लाज हाय गं? जा की पोरीला घेऊन.”

दुसऱ्या दिवशी एसटीनं दोघी बारामतीला गेल्या. या वेळी विचारल्याशिवाय करुणा खुर्ची सोडून उठली नाही. डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिला. असं पुष्कळ मुलांना होतं, ते म्हणाले. प्लास्टरच्या आत कातडी झाकलेली राहते, ऊब असते, घासलं जातं, हाड जुळताना तिथं रक्तही जास्त येतं; त्यानं केस वाढतात आणि गडद होतात. काही महिन्यांत आपोआप झडतात. औषध नको, वस्तरा नको, आणि ते चोळणं तर आजपासून बंद. कातडीवरचे लाल चट्टे त्यांना दिसले होते.

मोनालीनं विचारलं, “मग हा हात वंगाळ न्हाय?”

डॉक्टर हसून म्हणाले, “हाड इतकं सरळ जुळलंय, चांगला हात आहे.”

स्टँडवर गाडीची वाट बघताना करुणानं तिच्या स्वेटरची बटणं सोडली. मोनालीनं आईच्या तोंडाकडं बघितलं.

“मी उगीच झाकायला लावलं,” करुणा म्हणाली. “मला काय कळलं न्हाय, म्हणून भ्याले.”

“तू पण भेतीस?”

“व्हय.”

पोरीनं स्वेटर काढला, फ्रॉकची बाही वर सारली. मग घामेजलेला हात तिनं वाऱ्याला धरला.

जयंतीला पांढरा, अर्ध्या बाह्यांचा फ्रॉक घालून मोनाली उभी राहिली. मधेच दोन ओळी विसरली, पण पुढचं हात उंचावून ठणठणीत म्हणाली. बायकांत बसलेल्या चंद्राबाईनं करुणाकडं वाकून केसांचं विचारलंच. प्लास्टरखाली वाढलेत, जातील, एवढं सांगून करुणा टाळ्या वाजवायला लागली.

दिवाळीच्या सुमारास अंघोळीआधी तेल लावताना करुणाला दिसलं, हातावर आता कोवळी लवच राहिलीय. केस कधी झडले ते कुणालाच कळलं नव्हतं. तिनं लेकीला दाखवलं. मोनालीनं हात एकदा फिरवून पाहिला, हं म्हणाली, आणि पाणी गार होतंय म्हणून मोरीकडं पळाली.