ड्रायव्हरवाल्या काकांची फिरती

त्या काळी चिप विकली गेली की तिच्यामागोमाग काकांनाही जावे लागे. चिपकडून काम करवून घेणारा जो छोटा प्रोग्राम, तो ड्रायव्हर काकांनी लिहिलेला होता. कंपनीने तो कुलपात ठेवल्यामुळे गिऱ्हाइकाच्या दारी जाऊन बसवून देण्याचा मान एकट्या काकांचा. छापखाना असो वा डेअरी, त्यांच्यासाठी खुर्ची पुसली जाई, चहा येई, आणि यंत्र सुरू झाले की कामगार त्यांच्याकडे वैद्याकडे पाहावे तसे पाहत. किती रम्य दिवस ते!

परंतु यंत्रांचा गाभा असलेला कर्नल हा मूळ प्रोग्राम सर्वांना खुला होता आणि जगभरची माणसे तो सतत सुधारीत. प्रत्येक सुधारणेनंतर काकांचा ड्रायव्हर रुसून बसे. एकटा माणूस किती ठिकाणी पुरा पडणार? गिऱ्हाइके गळू लागली आणि साहेबांनी ती चिप बंद करण्याचे ठरविले. काका तडक साहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, ड्रायव्हर कर्नलमध्येच देऊन टाकू."

"फुकट? दुसऱ्या कंपनीने पाहिला तर?"

"पाहू दे. त्यातून चिप कशी चालवायची ते कळतं, कशी बनवायची ते नाही. आत गेला की कर्नल बदलणारेच त्यालाही सांभाळून घेतील. गिऱ्हाइकाने बसवली की चिप चालू."

"आणि तुमची फिरती?"

"बंद होईल."

"रोज वेळेवर घरी? काकूंना विचारलंत का?"

"विचारलं. म्हणाली, चिपला वाचवा, माझं मी बघते."

साहेब हसले व त्यांनी वर्षभराची मुदत दिली.

कर्नल सांभाळणाऱ्या अनोळखी परीक्षकांनी ड्रायव्हर तीनदा परत पाठविला. त्यांपैकी एकाने दाखविलेली चूक पाहून काका लज्जित झाले. तिच्यापायीच ते दर उन्हाळ्यात बंद पडलेले यंत्र सुरू करायला डेअरीत जात होते. चौथ्या खेपेस ड्रायव्हर स्वीकारला गेला.

पुढे डेअरीने चाळीस चिपांची मागणी नोंदविली. माल पोहोचून आठवडा झाला तरी बोलावणे आले नाही, म्हणून काकांनीच फोन केला.

"काही अडचण?"

"छे हो काका, लावली आणि चालली. आता सगळ्या यंत्रांत हीच घेणार."

"मग मी येऊन बघू का एकदा?"

"कशाला उगाच दगदग?"

त्याच दुपारी साहेबांनी चिप चालू ठेवण्याच्या कागदावर सही केली. काकांना मनापासून आनंद झाला. तथापि पुढे कित्येक दिवस ते, जिथून फिरतीला निघत त्या बसस्थानकाचा वळसा घेऊनच घरी जात असत.